स्टिक पहिल्या दिवशी देता, निर्णय कधी देणार?

हलकी विमानं उडवायला शिकवणाऱ्या सर्व प्रशिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

पहिल्या धड्याला जमीन सोडून दहा मिनिटं होत नाहीत तोच तुम्ही स्टिक, म्हणजे विमान उचलायचा-कलवायचा दांडा, आमच्या हातात देता. कालपर्यंत ज्याने विमान फक्त खिडकीतून पाहिलं त्याच्यावर एवढा भरवसा टाकायला छाती लागते, आणि त्याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. पण त्या दिवसापासून पहिल्या सोलोपर्यंत, म्हणजे एकट्याने केलेल्या उड्डाणापर्यंत, आमच्या हातात येते ती तेवढी स्टिकच. आज उडायचं का, हा वारा झेपेल का, उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना हा अप्रोच पुरा करायचा की सोडून वर जायचं, हे सगळं तुम्ही ठरवता. मग एके दिवशी धावपट्टीभोवतीची चक्कर, म्हणजे सर्किट, संपवून तुम्ही हेडसेट काढता, दार उघडता, 'जा, एक चक्कर मारून ये' म्हणता. विमान चालवणं आम्ही तोवर पुष्कळदा केलेलं असतं. ठरवण्याचं काम मात्र तेव्हा पहिल्यांदाच अंगावर येतं, आणि तेही शेजारची सीट रिकामी असताना.

निर्णय घेणंसुद्धा पहिल्या धड्यापासून शिकवा, एवढी एकच मागणी या पत्रात आहे. बाकीचं सगळं तिच्याच तपशिलात जातं.

आम्ही हौशी माणसं. एअरलाइनच्या वैमानिकाच्या शेजारी दुसरा वैमानिक असतो, जमिनीवर हवामान बघणारी आणि इंधनाचा हिशेब ठेवणारी माणसं असतात. आमच्यापाशी यातलं कुणीच नसतं. लायसन्स मिळाल्यावर सुट्टीच्या दिवशी हँगरचं दार आम्हीच ढकलणार, टाकीत काठी घालून इंधन आम्हीच मोजणार, आणि 'आज नको' म्हणायचं झालं तर तेही स्वतःलाच म्हणणार. त्यात आमचा अभ्यासक्रमही आखूड. अमेरिकेत स्पोर्ट पायलटला किमान २० तास पुरतात, त्यातले ५ सोलोचे. युरोपात हलक्या विमानांच्या लायसन्सला किमान ३० लागतात, तर अमेरिकेतल्या प्रायव्हेट लायसन्सला ४०. किमान म्हणजे किमानच, बहुतेकांना जास्त लागतात हे मान्य. तरीसुद्धा एवढ्या तासांत हातपाय तयार करायचे आणि डोकं मागाहून आपोआप तयार होईल असं धरून चालायचं, हा हिशेब मला पटत नाही.

आधी पायांबद्दल बोलतो, कारण गोष्ट छोटी आहे आणि सगळ्यात जास्त खुपते. तुमची आणि आमची, नाक डावीउजवीकडे वळवणारी रडर पेडलं एकमेकांना जोडलेली असतात. आडव्या वाऱ्यात फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, चालू असताना तुमचा बूट हलकेच दाबला जातो, तेव्हा आमच्या बुटाखालचं पेडलही सरकतं. आम्हाला ते कळतं. विमान मध्यरेषेवर छान टेकतं, तुम्ही 'वा, मस्त!' म्हणता, आणि टॅक्सी करत परत येताना आमच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो की यातलं आपलं किती आणि सरांचं किती. हात धरून गिरवून घेतलेलं अक्षर पाटीवर सुरेखच दिसतं, पण उद्या कोऱ्या पाटीवर काय उमटेल ते ना गुरुजींना कळलेलं असतं ना पोराला. पाय लावूच नका असं माझं म्हणणं नाही. तुमचा जीवही त्याच विमानात असतो आणि नोजव्हील मोडायला एक सेकंद पुरतो. फक्त लावलात तर सांगा. 'आय हॅव कंट्रोल', 'यू हॅव कंट्रोल' ही देवघेव तुम्हीच आम्हाला पहिल्या दिवशी घोकून घ्यायला लावता. अर्ध्या पायाची मदतसुद्धा त्याच नियमात बसवा. निदान खाली उतरल्यावर 'शेवटचं उजवं पेडल माझं होतं' एवढं तरी बोला.

आता मुख्य मुद्दा, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं.

बहुतेक ठिकाणी तो अभ्यासक्रमातल्या एका धड्यापुरता येतो. तुम्ही फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, 'गो अराउंड' म्हणता, आम्ही इंजिनाची ताकद वाढवायला थ्रॉटल पुढे ढकलतो, रकान्यात खूण होते. त्या धड्यात निर्णय तुमचा होता, आम्ही हुकूम पाळला. खरी वेळ येते तेव्हा हुकूम देणारं कुणी नसतं, आणि जे करायचं असतं ते दिसतं तेवढं सोपंही नसतं. विमान जमिनीपासून वीस-पंचवीस फुटांवर, वेग कमी, पंखांमागच्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, खाली. उतरताना हाताला जोर कमी लागावा म्हणून ट्रिम मागे लावलेला असतो, त्यामुळे थ्रॉटल पूर्ण पुढे जाताच नाक उसळतं. ते नुसतं धरून चालत नाही, दाबून धरावं लागतं, आणि हाताला लागणारा जोर पहिल्यांदा तरी चकित करतो. प्रोपेलर आपल्या बाजूने बघता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर नाक डावीकडे ओढ घेतं, म्हणजे उजवा पाय त्याच क्षणी हवा. जिथे कार्बोरेटरला गरम हवा देणारी कार्ब हीट असते तिथे ती बंद करायची. फ्लॅप एका झटक्यात वर घेतले तर विमान खाली बसतं, म्हणून ते टप्प्याटप्प्याने. सेस्ना १५० या विमानाच्या बऱ्याच मॉडेलांना ४० अंशांपर्यंत फ्लॅप येतात, आणि ते सगळे खाली असताना १०० अश्वशक्तीचं इंजिन विमान वर नेताना अक्षरशः धापा टाकतं. त्याच घराण्यातल्या १५२ ला ही मर्यादा ३० अंशांवर आणली गेली. म्हणजे जी हालचाल आम्हाला घाबरलेल्या, खट्टू झालेल्या अवस्थेत करावी लागणार, ती सगळ्या सर्किटमधली सगळ्यात गजबजलेली हालचाल आहे. तिचा सराव लँडिंगच्या सरावाइतका का नसावा?

त्याहून मोठी अडचण तुमच्या एका वाक्याची आहे. विद्यार्थी आपणहून वर जातो तेव्हा शेजारून हमखास ऐकू येतं, 'अरे, बसलं असतं की!' बसलं असतंही. तुमच्या हातून तर नक्कीच बसलं असतं. पण त्या वाक्याने विद्यार्थी एवढाच धडा घेतो की वर जाणं म्हणजे हरणं, आणि पुढच्या वेळी लांबलेल्या, वेगात आलेल्या अप्रोचला तो चिकटून राहतो. धावपट्टीवर चाकं आपटून उडालेलं विमान पुन्हा स्टिक पुढे लोटून खाली दाबायला जातो तो हाच विद्यार्थी, कारण परतीचा रस्ता त्याच्या यादीतून पुसला गेलेला असतो.

मला सुचलेला उपाय असा. फायनलवर ३०० फुटांच्या आसपास विद्यार्थ्याने मोठ्याने बोलावं, वेग बरोबर, मध्यरेषा बरोबर, उतार बरोबर, 'उतरतोय'. यातलं एखादं बरोबर नसेल तर 'वर जातोय'. तुम्ही गप्प बसायचं. जीव धोक्यात नसेल तोवर त्याचा निर्णय चुकीचा वाटला तरी तो पार पाडू द्यायचा, चर्चा खाली. आणि अधूनमधून मुद्दाम बिघडवलेला अप्रोच आमच्या हातात द्या, जरा उंच, जरा वेगात, फ्लॅप उशिरा. सावरता येईल का सोडायचा, हे आम्हाला ठरवू द्या. कधी सावरता येईल असा द्या, कधी येणार नाही असा. नाहीतर आम्ही ओळखतो की सर बिघडवून देतात म्हणजे वर जायचं, आणि विचार करायचं राहूनच जातं.

स्टॉलच्या, म्हणजे पंखाची उचल तुटण्याच्या, धड्यातही हाच प्रकार आहे. सुरक्षित उंचीवर जाऊन, सरळ रेषेत, थ्रॉटल हळूहळू मागे घेत, नाक उचलत राहायचं. विमान थरथरतं, नाक पडतं, आपण ते खाली सोडतो, ताकद देतो, झालं. धडा चुकीचा नाही. पंख स्टॉल होतो तो वेगामुळे होत नसून साधारण १५-१६ अंशांच्या हवेच्या कोनामुळे होतो, हे तिथेच कळतं. पण माणसं ज्या स्टॉलने दगावतात तो इतका सभ्य नसतो. तो बेसवरून, म्हणजे धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून, फायनलला वळताना होतो, पाचशे फुटांवर, डोळे स्पीडवर नसून धावपट्टीवर असताना. वारा पाठीमागून ढकलत असतो, वळण लांबतं, मध्यरेषा निसटते. जास्त कलवायची भीती वाटते म्हणून पाय हळूच आतल्या बाजूचं रडर दाबू लागतो, आणि नाक घसरतं म्हणून हात स्टिक मागे ओढतो. आतला पंख आधी सुटतो, स्पिन, म्हणजे गरगर फिरत खाली पडणं, सुरू होतो, आणि सावरायला उंची उरलेली नसते.

गणित बघा. एखादं हलकं विमान सरळ उड्डाणात ४० नॉटला स्टॉल होतं असं धरू. त्याच्या १.३ पट, म्हणजे ५२ नॉट, हा झाला अप्रोचचा वेग. उंची राखून ४५ अंश कलवून वळलं तर स्टॉलचा वेग जवळपास ४८ होतो, शिल्लक उरतात ४ नॉट. ६० अंशांना तो ५६ च्या वर जातो, म्हणजे ५२ वर विमान उडतच नाही. हा तक्ता आम्हाला वर्गात दाखवतात, परीक्षेत विचारतात, आम्ही उत्तरही बरोबर देतो. पण तक्ता पाठ असणं वेगळं आणि मध्यरेषा निसटतेय असं दिसताक्षणी 'हे वळण घट्ट करणार नाही, वर जातो' असं ठरवणं वेगळं. त्या वळणावर कसब नंतर लागतं, ठरवणं आधी लागतं. म्हणून वळणातला स्टॉल, घसरत्या नाकाचा स्टॉल उंचावर, तुमच्या देखरेखीखाली, आमच्या हातून होऊ द्या. तुम्ही करून दाखवायचं आणि आम्ही सीटची कड धरून बघायचं, एवढ्याने भागत नाही.

ही मागणी काही आजची नाही. २५ ऑगस्ट १९१२ ला विल्फ्रेड पार्क हा ब्रिटिश नौदलातला वैमानिक स्पिनमध्ये सापडला. स्पिनमधून कसं सुटायचं हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. सगळे उपाय थकल्यावर त्याने फिरण्याच्या उलट्या बाजूचं रडर दिलं आणि जमीन अगदी जवळ आलेली असताना विमान सुटलं. खाली उतरल्यावर काय काय केलं ते त्याने बारकाईने सांगितलं, आणि ते ज्ञान इतरांना मिळालं. पुढे १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला शिकवण्याची पद्धतच बदलून टाकली. दुहेरी नियंत्रणाचं अ‍ॅव्रो ५०४ विमान, शिकवणाऱ्याचा आवाज विद्यार्थ्याच्या कानापर्यंत नेणारी रबरी नळी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विद्यार्थ्याला धोकादायक अवस्थांपासून लांब ठेवण्याऐवजी त्यात जाणूनबुजून न्यायचं आणि बाहेर यायला शिकवायचं, हा विचार. नळीच्या जागी इंटरकॉम आला, तोही आता इतका चांगला की तुमचा सुस्कारासुद्धा ऐकू येतो. विचार मात्र जागोजागी पातळ झालेला दिसतो.

जमिनीवरचे निर्णय तर फुकट आहेत, त्यांना इंधनही लागत नाही. सकाळी तुमचा निरोप येतो, 'आज ये' किंवा 'आज वारा आहे, नको'. त्याऐवजी विचारा, 'आज काय करूया?' वारा १५ नॉट आणि धावपट्टीशी ३० अंशांचा कोन, म्हणजे आडवा भाग त्याच्या निम्मा, साडेसात नॉट. हे गणित आम्हाला करू द्या, त्यावरून आपल्याला झेपेल का तेही आम्हालाच बोलू द्या. रात्री झोप झाली नाही, सर्दीने कानांना दडे बसलेत, हेही त्याच वेळी बोलायची सवय लागेल. विद्यार्थ्याने 'आज नको' म्हटलं आणि नंतर दिवस लख्ख निघाला, तर त्याला हसू नका, ही माझी कळकळीची विनंती. धडा बुडाल्याची हळहळ त्यालाच सगळ्यात जास्त असते.

प्री-फ्लाइटचं तसंच. रोटॅक्स ९१२ इंजिनाच्या विमानावर शिकणाऱ्यांना माहीत आहे, तेल मोजण्याआधी इग्निशन बंद असल्याची खात्री करून प्रोपेलर हाताने, त्याच्या फिरण्याच्या दिशेने, फिरवत राहायचं. इंजिनाच्या तळाशी साचलेलं तेल टाकीत परत जातं आणि टाकीतून गुडगुड असा आवाज येतो. तो येईपर्यंत काठीवरच्या आकड्याला काही अर्थ नसतो. हे आम्ही करतो. मग तुम्ही विचारता, 'तेल बघितलं?' आम्ही म्हणतो, 'हो.' या प्रश्नाला 'हो' सोडून दुसरं उत्तरच नाही. 'तेल किती आहे, आणि एवढ्यावर जाशील का?' असं विचारलंत तर मी परत काठीकडे बघेन. इंधनाच्या नमुन्यात तळाला पाण्याचा थेंब दिसला, तर 'दिसला का?' एवढ्यावर थांबू नका. पुढे काय करणार ते विचारा. पुन्हा काढणार, किती वेळा काढणार, कधी थांबणार, आणि नाहीच थांबलं तर?

सोलोबद्दल थोडंसंच. किती तासांत झाला याची चढाओढ विद्यार्थ्यांत असते, ती आमची आम्हीच लावून घेतो, पण तुमच्यापैकी काही जण तीत तेल ओततात. 'मागच्या बॅचचा पोरगा याच्या निम्म्या तासांत गेला होता', असल्या माहितीचा आम्हाला उपयोग शून्य. उपयोगाची माहिती तुम्ही देताच. तुम्ही उतरलात की साडेपाचशे किलोच्या विमानातून ऐंशी किलो कमी होतात, जवळजवळ सातवा हिस्सा. त्यामुळे ते लवकर उचलतं, सर्किटची उंची अंदाजाआधी गाठतं आणि उतरताना धावपट्टीवर तरंगत राहतं. त्याच दमात आणखी एक वाक्य जोडा. 'तीन लँडिंग करून ये' असं म्हटलंत की आम्ही तीन मोजायला लागतो. 'टाकीत दोन तासांचं इंधन आहे, हवं तितक्या वेळा वर जा' असं म्हटलंत तर पहिला अप्रोच बिघडला तरी आम्हाला तोंड दाखवायची लाज वाटणार नाही.

काही जागा अशा आहेत की जिथे मला माझा निर्णय नको आहे, हेही लिहून ठेवतो. स्पिनमध्ये दुसरा फेरा सुरू झाला आणि माझं उलटं रडर अजून पडलं नसेल, तर विचारत बसू नका, 'आय हॅव कंट्रोल' म्हणा आणि घ्या. टेकऑफनंतर कमी उंचीवर थ्रॉटल मागे घेऊन इंजिन गेल्याचं सोंग करता तेव्हाही तसंच. मात्र हा निर्णय हवेत घ्यायचाच नसतो, तो धावपट्टीवर उभं असताना घेऊन ठेवायचा असतो. म्हणून ब्रेक सोडण्याआधी प्रत्येक वेळी आमच्याकडून मोठ्याने वदवून घ्या. वेग आला नाही तर कुठल्या खुणेपाशी थ्रॉटल मागे. कमी उंचीवर इंजिन गेलं तर नाक खाली आणि सरळ समोर, फार तर थोडं डावीउजवीकडे, मागे वळायचं नाही. मागे वळता येईल ती उंची कोणती, हा आकडा आम्हाला सांगू नका. पुरेशा उंचीवर नेऊन थ्रॉटल मागे घ्या, पूर्ण वळणात किती फूट जातात ते आमचं आम्हाला मोजू द्या, आणि मग धावपट्टीवर तो आकडा आमच्या तोंडून ऐका.

धड्यानंतर तुम्ही प्रगतीपुस्तकात लिहिता, 'फ्लेअर उंच, रडर कमी, रेडिओ ठीक'. त्याखाली एक ओळ वाढवा, विद्यार्थ्याने आज काय ठरवलं आणि का. काही दिवस ती ओळ कोरी राहील. तेव्हा पुढच्या धड्याला विमानापाशी जायच्या आधी दोघांनी मिळून ती कोरी का राहिली ते बघू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
एक शिकाऊ वैमानिक